फिश फाइंडर बसवण्याचा व्यवसाय : भोक शेवटी पाडायचं, बिल त्याच्याही नंतर



किनारपट्टीवरच्या सेवा-व्यवसायांवरचा आपला व्हिडिओ बघून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, होडीवर फिश फाइंडर बसवून देण्याचं काम शिकता येईल का? त्यात पैसे आहेत का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर "हो" आहे. पण त्या "हो"च्या पुढे एक "पण" आहे, आणि आजचा लेख त्या "पण"बद्दल आहे.

आधी एक गोष्ट सांगतो. आमच्या एका बॅचमध्ये हर्णैकडचा एक मुलगा होता. आयटीआय इलेक्ट्रिशियन, हाताला साफ, शिकायची आवड. त्याने अमेरिकेतल्या बास बोटींचे व्हिडिओ बघून काम शिकून घेतलं. ओळखीतल्या एका नाखवांनी नवीन फिश फाइंडर आणला होता, तो बसवायचं काम त्याला मिळालं. व्हिडिओत दाखवतात तसा त्याने ट्रान्सड्यूसर होडीच्या आतून तळाला इपॉक्सीने चिकटवला, वायर ओढली, बटण दाबलं. स्क्रीन लागली. म्हणाला, "काका, लागली बघा." मजुरीचे ३,००० रुपये घेतले आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी फोन. समुद्रात स्क्रीनवर काहीच नाही, खोलीच्या जागी नुसत्या दोन रेघा. नाखवा चिडले नव्हते, पण जे बोलले ते त्याच्या कायमचं लक्षात राहिलं. "अरे बाबा, किनाऱ्यावर टीव्हीपण लागतो. मला खालचा खडक दिसायला हवा."

काय झालं होतं? होडी बाहेरून फायबरची दिसत होती, पण आत लाकूड होतं. लाकडी होडीवर फायबरचा थर चढवलेला. असल्या तळातून आवाजाच्या लहरी नीट पार होत नाहीत. मग त्याने ट्रान्सड्यूसर मागच्या बाजूला स्क्रूने लावला. होडी उभी असताना चित्र सुरेख, वेग घेतला की गायब. तिसऱ्या खेपेला जागा बदलली, तेव्हा कुठे जमलं. तोपर्यंत होडीच्या मागच्या बाजूला नको ती चार भोकं पडलेली होती, आणि मधल्या दिवसांत नाखवांचं एक जाळं खडकाला अडकून फाटलं होतं. यंत्र घेतलं होतं ते नेमकं तेच टाळायला.

त्याच्या वहीतला हिशोब बघा. मजुरी ३,०००. पहिल्या खेपेचा प्रवास ३०० आणि साहित्य ७००, उरले २,०००. दुसऱ्या खेपेचा प्रवास ३०० आणि साहित्य ६००, उरले १,१००. तिसऱ्या खेपेचा प्रवास ३०० आणि जुनी भोकं बुजवायचं फायबरचं साहित्य ५००, उरले ३००. तीन दिवसांचे तीनशे. म्हणजे रोज शंभर रुपये!

मुलगा आळशी नव्हता, अडाणी नव्हता. चुकलं ते एवढंच की आपण काय विकतोय हे त्याला कळलं नव्हतं.

गिऱ्हाईक काय विकत घेतं?

तुम्हाला वाटतं, गिऱ्हाईक "फिटिंग" विकत घेतं. नाही. नाखवा विकत घेतात चालत्या होडीत दिसणारं खरं चित्र. खाली चिखल आहे की खडक, किती वाव पाणी आहे, मासळीचा थवा वर आहे की तळाला. स्क्रू, वायर, ब्रॅकेट ही फक्त त्या चित्रापर्यंत पोहोचायची वाट.

एकदा हे पटलं की कामाचा क्रम आपोआप बदलतो. जे परत काढता येतं ते सगळं आधी करायचं. जे परत काढता येत नाही, म्हणजे भोक, ते सर्वांत शेवटी. आणि शेवटचं बिल पाण्यातल्या चाचणीनंतर. आजच्या लेखातून एकच ओळ वहीत लिहायची असेल तर ही लिहा.

यंत्र चालतं कसं, दोन मिनिटांत

हे समजलं नाही तर तुम्ही कायम दुसऱ्याचा व्हिडिओ बघूनच काम कराल, म्हणून थोडं डोकं लावू.

ट्रान्सड्यूसर म्हणजे पाण्यात हाक मारणारा आणि प्रतिध्वनी ऐकणारा भाग. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. तळ ३० मीटरवर असेल, म्हणजे सोळा-सतरा वाव, तर हाक खाली जाऊन परत यायला ६० मीटरचा प्रवास होतो आणि त्याला ०.०४ सेकंद लागतात. यंत्र हा वेळ मोजतं आणि त्यावरून खोली काढतं. माशाच्या अंगावरून, विशेषतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज परततो, म्हणून मासा दिसतो. खडकावरून आवाज जोरात परततो, मऊ चिखलात बराचसा जिरतो, म्हणून दोन्हींची रेघ वेगळी दिसते.

साध्या यंत्रांमध्ये बहुतेक दोन फ्रिक्वेन्सी असतात. २०० किलोहर्ट्झ म्हणजे अरुंद झोत आणि बारीक तपशील, उथळ पाण्यासाठी चांगली. ५० किलोहर्ट्झ म्हणजे रुंद झोत आणि खोलवर पोहोच, पण तपशील कमी. झोत २० अंशांचा असेल तर ३० मीटर खोलीवर तळाचा साधारण साडेदहा मीटर रुंदीचा गोल दिसतो. नाखवांना हे सांगा. नाहीतर त्यांना वाटतं की यंत्र अख्खा समुद्र दाखवणार, आणि पुढे तक्रार तुमच्याकडे येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या आवाजाचा शत्रू म्हणजे हवा. पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथून जवळजवळ सगळा आवाज मागे फिरतो. म्हणून ट्रान्सड्यूसरच्या तोंडासमोर बुडबुडे आले की चित्र गेलं. इपॉक्सीत बुडबुडा राहिला की चित्र गेलं. तळाच्या लाकडात हवेचे कप्पे असतात, तिथेही तेच. चित्र न दिसण्याच्या तक्रारीमागे फार वेळा हवाच निघते.

अमेरिकन व्हिडिओ बघा, पण आपली होडी ओळखा

बास बोट म्हणजे अमेरिकेत तळ्यांमध्ये आणि धरणांमध्ये बास नावाचा मासा गळाने पकडायची बसकी, वेगवान फायबर बोट. मागे मोठं आउटबोर्ड इंजिन, पुढच्या टोकाला हळू सरकायला विजेची छोटी ट्रोलिंग मोटर. बऱ्याच बोटींवर दोन स्क्रीन असतात, एक चालवणाऱ्यापुढे आणि एक पुढच्या टोकाला. दोघींना आपापला ट्रान्सड्यूसर : एक मागच्या बाजूला किंवा तळाच्या आतून, दुसरा ट्रोलिंग मोटरच्या खाली पट्ट्याने बांधलेला. तिथे या कामाला "रिगिंग" म्हणतात आणि ते करणारी स्वतंत्र दुकानं आहेत. म्हणजे हा धंदा होऊ शकतो हे तिकडे सिद्ध झालेलं आहे.

त्या व्हिडिओंमधली मापं, वायरिंगची शिस्त, सफाई, सगळं शिकण्यासारखं आहे. पण तीन फरक लक्षात ठेवा.

एक, पाणी. तिकडे गोडं पाणी, इकडे खारं. खारं पाणी तांब्याची उघडी वायर आतून काळी करतं.

दोन, मुक्काम. बास बोट मासेमारी झाली की ट्रेलरवर चढून घरी जाते. आपली होडी खाडीत किंवा बंदरात पाण्यातच असते. ट्रान्सड्यूसरवर शेवाळ आणि बार्नॅकल चढतात, आणि हळूहळू चित्र अंधुक होतं.

तीन, किनारा. आपल्याकडे अनेक छोट्या होड्या वाळूवर ओढतात. मागे लोंबणारा ट्रान्सड्यूसर वाळूत किंवा ओंडक्यावर आपटतो. म्हणून पाहणीच्या वेळी पहिला प्रश्न विचारायचा, "काका, होडी रोज वर ओढता की पाण्यातच ठेवता?" या एका उत्तरावर बसवायची पद्धत ठरते.

बसवायच्या तीन पद्धती

पहिली, मागच्या बाजूला, ज्या उभ्या फळीला कारागीर ट्रान्सम म्हणतात तिथे. छोट्या आउटबोर्ड होडीसाठी ही सगळ्यात सोपी. पंख्यापासून निदान १५ इंच दूर. मागून बघताना पंखा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत असेल तर उजवी बाजू घ्या. तळावर लांबट उंचवटे, कडा, पाणी ओढायचं भोक असेल तर त्यांच्या सरळ मागे लावू नका, तिथून बुडबुड्यांची धार येते. फायबर होडीत ट्रान्सड्यूसरचं तोंड तळाच्या रेषेपेक्षा साधारण ३ मिमी खाली. धक्का लागल्यावर वर उचललं जाणारं ब्रॅकेट असेल तर वाळूवर ओढायच्या होडीला तेच लावा.

दुसरी, तळाच्या आतून चिकटवणं. भोक नाही, धक्का नाही, बार्नॅकल नाही. ऐकायला सोन्यासारखं. पण तळ त्या जागी भरीव फायबरचा हवा. लाकूड, फोम, प्लायवूडचा गाभा किंवा धातू असेल तर विसरा. भरीव फायबरमध्येसुद्धा आवाजाची थोडी ताकद तळातच खर्च होते. आणि यंत्र पाण्याचं तापमान दाखवत असेल तर ते पाण्याचं नसून होडीच्या तळाचं असेल, हे आधीच सांगून ठेवा.

तिसरी, तळाला आरपार भोक पाडून. मोठ्या, आतल्या इंजिनाच्या नौकांसाठी. चित्र उत्तम, जबाबदारीही तेवढीच. लाकडी नौकेला प्लास्टिकचं फिटिंग लावू नका. लाकूड पाण्याने फुगतं आणि प्लास्टिक तडकू शकतं, तिथे ब्राँझचं हवं. हे काम पहिल्या वर्षी एकट्याने अंगावर घेऊ नका. होडी बांधणाऱ्या अनुभवी कारागिराला बरोबर घ्या, त्याला त्याचे पैसे द्या. पाण्याच्या रेषेखालचं भोक चुकलं तर प्रश्न चित्राचा राहत नाही. त्या होडीवर माणसं असतात.

भोक पाडण्याआधी

ओळखायचं कसं की तळ भरीव आहे? मालकाला विचारा, बांधणाऱ्याला विचारा, आतून ठोकून बघा. पण शेवटचा निकाल पाण्यातच लागतो. होडी पाण्यात असताना ट्रान्सड्यूसर आधी बाहेर काठीला बांधून बुडवा आणि खोली लिहून घ्या. मग प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरा, हवा काढून टाका, ट्रान्सड्यूसर त्यात ठेवा आणि पिशवी तळावर आतून टेकवा. तळही ओला करून घ्या. दोन्ही आकडे आणि दोन्ही चित्रं जवळपास सारखी आली तर आतून चिकटवता येईल. नाही आली तर नाही. खर्च एका पिशवीचा. आपल्या हर्णैच्या मुलाने हे केलं असतं तर पहिली खेप वाचली असती.

मागच्या बाजूसाठीही तसंच. ट्रान्सड्यूसर थेट होडीला लावण्याऐवजी आधी जाड एचडीपीईची एक पाटी पक्की बसवा आणि ट्रान्सड्यूसर त्या पाटीवर लावा. पुढे जागा थोडी सरकवायची वेळ आली, यंत्र बदललं, तर नवीन भोकं पाटीला पडतात, होडीला नाही.

आणि होडीला भोक पाडायची वेळ आलीच तर :

– आतून बघा. पलीकडे इंधनाची टाकी, वायर, पाइप काय आहे?
– बॅटरीवर चालणारं ड्रिल वापरा. ओल्या जागेत घरगुती विजेची वायर ओढू नका.
– भोकाच्या जागी मास्किंग टेप चिकटवा, म्हणजे वरचा चकचकीत थर तडकत नाही.
– खोलीची खूण ड्रिलच्या पात्यावर टेपने करून ठेवा.
– भोकात आणि स्क्रूला दोन्हीकडे सागरी सीलंट भरा. बऱ्याच फायबर होड्यांच्या मागच्या फळीत आत प्लायवूड असतं. एका कोरड्या स्क्रूतून पाणी आत गेलं की ते प्लायवूड आतल्या आत कुजतं, आणि बाहेरून कित्येक महिने कळतही नाही.
– सीलंट सुकायला किती तास लागतात ते ट्यूबवर वाचा आणि भरतीची वेळ त्यानंतरची धरा. "भरती आली, ढकला होडी" म्हणून घाई झाली की काम वाया.

वायरिंग : दिसत नाही, पण तक्रार इथूनच येते

आधी यंत्राच्या मागची पट्टी वाचा. किती व्होल्ट चालतात? काही नौकांवर २४ व्होल्ट असतात. १२ व्होल्टचं यंत्र त्यावर लावलं तर पहिल्याच मिनिटाला तुमची वर्षाची कमाई जाईल.

वायर थेट बॅटरीपर्यंत न्या, दिव्याच्या वायरीतून फाटा काढू नका. पॉझिटिव्हवर, बॅटरीच्या जवळ, माहितीपुस्तिकेत दिलेल्या अँपिअरचा फ्यूज. फ्यूज यंत्रापाशी लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते. शॉर्ट झाला तर आग तिथेच लागते.

वायरची जाडी अंदाजाने घेऊ नका, हिशोब करा. यंत्र २ अँपिअर घेतं आणि बॅटरी ६ मीटरवर आहे असं धरू. जाऊन-येऊन वायर १२ मीटर. १.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१२ ओहम. १२ मीटरचा ०.१४ ओहम. २ अँपिअरला सुमारे ०.३ व्होल्ट कमी होतात, चालेल. तीच वायर ०.५ चौरस मिमीची घेतली तर जवळजवळ ०.९ व्होल्ट जातात. त्यात इंजिन स्टार्ट करताना बॅटरीचा व्होल्टेज आधीच खाली येतो. झालं, यंत्र बंद पडून परत सुरू होतं आणि नाखवा म्हणतात, "मशीन खराब दिलं." मशीन बरोबर असतं, वायर बारीक असते.

वायर शक्यतो कल्हई केलेल्या तांब्याची, बोटींसाठीची घ्या. जोड पिळून टेप गुंडाळायचा नाही. क्रिंप करा आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. टेप खाऱ्या हवेत सुटतो, हा नियम पाठच करा.

ट्रान्सड्यूसरची केबल कधीही कापायची नाही. जास्त उरली तर सैल वेटोळं करून कोरड्या जागी बांधा. ती इंजिनाच्या वायरी आणि वायरलेसच्या अँटेनाच्या केबलपासून लांब ठेवा, नाहीतर स्क्रीनवर ठिपक्यांचा पाऊस पडतो. आणि यंत्रात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी केबलवरून ओघळून झोळातून खाली टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

पाण्यातली चाचणी : हाच तुमचा माल

चाचणीचा छापील कागद बनवा. एका पानाचा पुरे. त्यावर हे हवं :

१. होडी उभी असताना खोली किती? दोरीला वजन बांधून खरी खोली मोजा आणि शेजारी लिहा. यंत्रातलं माप मीटरमध्ये नको, नाखवांना वाव कळतात. बहुतेक यंत्रांत फॅदमचा पर्याय असतो, तो लावा. एक फॅदम म्हणजे सहा फूट.
२. खोली ट्रान्सड्यूसरपासून दिसतेय की पाण्याच्या पृष्ठभागापासून? फरक सेटिंगमध्ये भरा आणि मालकाला सांगा.
३. हळू, मध्यम, पूर्ण वेग. कोणत्या वेगापर्यंत तळाची रेघ टिकते? गेली तर ट्रान्सड्यूसर एका वेळी ३ मिमी खाली घ्या किंवा कोन थोडा बदला आणि पुन्हा चालवा. खाली फार गेला तर मागे पाण्याचा फवारा उडतो, तेव्हा थांबा.
४. सगळं बंद करून फक्त यंत्र चालू. मग एकेक चालू करा : इंजिन, पंप, एलईडी दिवे, वायरलेस. कशाने स्क्रीनवर रेघा येतात ते लगेच कळतं.
५. मालकाला स्वतः बटणं दाबायला लावा. तुमच्या हाताने नाही, त्यांच्या.

खाली त्यांची सही, तुमची सही, तारीख. मोबाइलवर स्क्रीनचा आणि प्रत्येक भोकाचा फोटो. दोन महिन्यांनी वाद झाला तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलेल. आणि हो, चाचणीला जाताना लाइफ जॅकेट घालायचं. पोहता येत असलं तरी.

दर कसा लावायचा?

एकच "फिटिंग चार्ज" सांगू नका. चार ओळींचं कोटेशन द्या. नमुना म्हणून : पाहणी आणि तात्पुरती चाचणी ५००, बसवणं ३,०००, समुद्रातली चाचणी १,०००, साहित्य बिलाप्रमाणे. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. तुमच्या बंदरावर काय परवडतं ते चार मालकांशी बोलून ठरवा.

याचा फायदा काय? पाहणीत "तुमच्या होडीला हे यंत्र आतून चालणार नाही" असं सांगावं लागलं तरी ५०० रुपये मिळतात आणि विश्वास मिळतो. साहित्याचे पैसे आगाऊ घ्या, तुमचं भांडवल अडकत नाही. चाचणीचे १,००० शेवटी घ्या. "चित्र दिसलं नाही तर हे देऊ नका" असं तोंडावर सांगा. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे तोच हे बोलू शकतो, आणि बंदरावर ही गोष्ट पसरायला एक दिवस पुरतो.

हमीही लेखी द्या, पण वेगळी करून. यंत्राची हमी कंपनीची. जोड, सील आणि जागा यांची हमी तुमची. दोन्ही एकत्र केल्या तर दुसऱ्याच्या कारखान्यातली चूक तुमच्या खिशातून जाईल.

वर्षाचं कॅलेंडर

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. नौका वर ओढलेल्या, रंगकाम, डागडुजी सुरू. भोक पाडणं, सील करणं, वायर ओढणं, या सगळ्याला हेच दिवस सोयीचे. पण मेख बघा : या दिवसांत चाचणी होत नाही! म्हणजे काम जूनमध्ये, शेवटचे पैसे ऑगस्टमध्ये. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळे मालक एकदम म्हणणार, "आधी माझ्या होडीवर ये."

म्हणून एप्रिल-मेमध्ये, नौका पाण्यात असतानाच पाहणी आणि पिशवीची चाचणी उरकून घ्या. जून-जुलैत बसवा, प्रत्येक मालकाला चाचणीचा दिवस लिहून द्या. जेवढ्या चाचण्या पहिल्या पंधरवड्यात करू शकता, तेवढीच कामं घ्या. पहिल्या वर्षी दहा होड्या नीट झाल्या तर पुढच्या वर्षी तुम्हाला जाहिरात करावी लागणार नाही.

आणि पावसाळ्यात एक जोडकाम : देखभाल. स्क्रीन काढून कोरड्या जागी ठेवणं, सॉकेट साफ करणं, ट्रान्सड्यूसर मऊ कापडाने आणि गोड्या पाण्याने धुणं, फ्यूज आणि जोड तपासणं. तळाला रंग देणाऱ्यांना बजावून ठेवा, तांब्याचा तळरंग ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर फासायचा नाही, तिथे ट्रान्सड्यूसरसाठीचा पाण्यात मिसळणारा रंगच चालतो. वर्षाची ठरावीक रक्कम घेऊन ही सेवा दिली तर धंद्याला बूड येतं.

सुरुवात कशी करायची?

दुकान नको. गाडी नको. एक पेटी पुरे : मल्टिमीटर, चांगला क्रिंपर, बॅटरी ड्रिल, हीट गन, स्पिरिट लेव्हल, टेप, सीलंट, फ्यूज होल्डर, दोन जाडीच्या वायरी, एचडीपीईच्या दोन पाट्या. आणि प्लास्टिकच्या पिशव्या, त्या विसरू नका! उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, ती करून ठेवा, कोटेशनवर नंबर दिसला की समोरचा गंभीरपणे बघतो.

पहिली दोन कामं एखाद्या जुन्या मेकॅनिकच्या हाताखाली करा. मोफत नाही, मदतनीस म्हणून. माहितीपुस्तिका वाचा, ती प्रत्येक यंत्राबरोबर येते आणि बहुतेक जण तिला हातही लावत नाहीत. तिच्यातलं माप आणि या लेखातलं माप यांत फरक दिसला तर पुस्तिकेचं ऐका.

आता हर्णैच्या त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगतो. तिसऱ्या खेपेनंतर त्याने नाखवांकडे एक रुपयाही जास्त मागितला नाही. जुनी भोकं स्वतः फायबरने बुजवून दिली. फाटलेलं जाळं विणायला दोन संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला फोन आला तो त्याच नाखवांचा. म्हणाले, "माझ्या भावाची होडी आहे. पण या वेळी आधी पिशवी घेऊन ये."

तो पिशवी घेऊन गेला. आतून चालणार नाही असं निघालं. त्याने तसं सांगितलं, पाटी लावून मागच्या बाजूला बसवायचं ठरवलं, होडीला भोकं पाडली ती फक्त पाटीपुरती. ऑगस्टमध्ये चाचणी झाली. कागदावर सही झाली. मग पैसे घेतले.

तुम्ही कुठलाही सेवा-व्यवसाय करा, एसी बसवा, सोलर बसवा नाहीतर फिश फाइंडर. गिऱ्हाइकाच्या वस्तूला भोक पाडण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा : मी हे तपासलंय की नुसतं व्हिडिओत बघितलंय? उत्तर प्रामाणिक असेल तर धंदा टिकेल.

कामाला लागा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!